बोलावलेलं पाणी

तापोळ्याच्या धक्क्यावर लाँचची वाट बघताना तो मला रोज दिसायचा. मी पलीकडच्या गावच्या शाळेत शिकवायचो, तो पर्यटकांना मोटरबोटीतून फिरवायचा. नाव मी कधी विचारलं नाही. बोटीमागे दोर धरून, फळीवर उभं राहून लाटेवर घसरायचा खेळ त्याला कुणा पाहुण्याने सांगितला होता. पण याची बोट हलकी, त्यामुळे लाट बारकी. म्हणून ट्रॅक्टरच्या ट्यूबांत तलावाचं पाणी भरून बोट जड करायची, असं त्याने ठरवलं.

"लोक बोटीतलं पाणी बाहेर काढतात," मी म्हणालो.

"ते न बोलावता आलेलं असतंय, गुरुजी. हे आपण बोलावलंय."

एका शनिवारी त्याने ट्यूबा भरल्या, तरी बोट पुरेशी जड होईना. त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "गुरुजी, तुमी बी बसा."

मला पोहता येत नव्हतं. तरी बसलो.

"मागं बघायचं न्हाई," त्याने बोट चालवणाऱ्या आपल्या बायकोला बजावलं आणि दोर धरून, फळी घेऊन मागे पाण्यात उतरला. तिने बघितलं नाही. वळणावर ट्यूबांतलं पाणी एका अंगाला सरकलं, बोट कलली आणि मी डोळे मिटले. उघडून मागे पाहिलं, तर दोर रिकामाच फरफटत येत होता.

आम्ही घाबरून परत फिरलो. तो मात्र फळीला धरून निवांत तरंगत होता. चेहऱ्यावर सत्कार झाल्यासारखं समाधान.

"कधी पडलात?" मी विचारलं.

"उभाच न्हाई राहिलो. पर लाट लय झ्याक झाली, गुरुजी. तुमी गेल्यावर बी येतच हुती."