वहिनीला आलेला फोन

दादा गेल्याची बातमी मला वहिनीनं सांगितली. त्या क्षणीही मनात आलं, की हे तिला माझ्याआधी कळलं. इथल्या शॉमबर्ग गावातल्या त्याच्या कंपनीतून तिला निरोप आला होता. कंपनीच्या कामासाठी दादा पूर्व युरोपातल्या एका कम्युनिस्ट देशात गेला होता. राजधानीहून दुसऱ्या शहरी निघालेलं त्याचं विमान जंगलात कोसळलं. कुणीही वाचलं नाही. का कोसळलं, ते आजही कळलेलं नाही. तिथलं सरकार म्हणालं, हवा खराब होती. त्याला विमानतळावर सोडायला गेलेला तिथला इंजिनियर म्हणाला, लख्ख ऊन पडलं होतं. पुढे त्यानंही फोन उचलणं बंद केलं...

आम्ही नागपूरचे. आई गेल्यावर माझी वेणी दादाच घालायचा, वाकडीतिकडी. शिकायला मला इकडे परदेशात त्यानंच बोलावलं. मी आले तेव्हा घरात वहिनी होती, आणि दादाला चहा कसा लागतो हे ती मला समजावून सांगायची. मला. तो गेल्यावर भेटायला आलेले सगळे काका-काकू तिचा हात हातात घेऊन बसत आणि मला म्हणत, वहिनीला सांभाळ हं. मला कोण सांभाळणार, हे कुणी विचारलं नाही.

सगळ्यात जास्त हेवा वाटला तो एका फोनचा. त्या विमानात बसण्यापूर्वी दादानं वहिनीला फोन केला होता. काय म्हणाला, असं मी विचारत राहिले. ती विषय बदलायची. ते शब्द ती स्वतःपुरते जपून ठेवतेय, या विचारानं मी जळत राहिले. शेवटी एकदा भांडी विसळता विसळता तीच म्हणाली, "काही बोललोच नाही गं. मला ऑफिसला उशीर होत होता. आल्यावर बोलू म्हटलं, आणि ठेवला."

नळ तसाच वाहत राहिला... मी तो बंद केला. तिची कीव यायला हवी होती, आलीही. तरी तो अर्धवट फोनसुद्धा मला हवा होता.

दादाची एक सवय होती. बर्फ पडला, की त्यांच्याकडून निघताना मी बूट घालेपर्यंत तो माझ्या गाडीची काच खरवडून ठेवायचा. गेल्या रविवारी तिच्याकडून नेपरव्हिलला माझ्या घरी परत निघाले, तर वहिनी त्याचं जाकीट घालून माझ्या काचेवरचा बर्फ काढत होती. ते जाकीट मला मागायचं होतं. मी करते, राहू दे, म्हटलं; ती थांबली नाही.

"तो नेहमी आधी तुझी गाडी साफ करायचा, मीना," ती म्हणाली. "मी खिडकीतून बघत असायचे, माझी कधी करेल म्हणून..."

मी डिकीतून दुसरा ब्रश काढला आणि तिच्या गाडीकडे गेले.