वजनाचा रकाना

लेथबद्दल लिहायचा अधिकार खरं तर माझ्या वडिलांचा. लोखंड फिरवत ठेवून कातायचं हे यंत्र त्यांनी सव्वीस वर्षं चालवलं. मी कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये चारदा हात लावला असेल. घरात कॉलेजला गेलेला मी पहिला, म्हणून लिहिणं माझ्याकडे आलं. जे समजलं नाही त्याबद्दल लिहितोय, माफ करा.

वडील कामाला होते ते हाटकेशमधलं युनिट वापीला हललं, तेव्हा ते सोबत गेले नाहीत. मीरा रोडच्या आमच्या तळमजल्यावरच्या घरामागे पत्र्याची पडवी होती. तिथे एक लेथ बसवायचा, आसपासच्या युनिटांची बुश-पिनांची कामं घ्यायची आणि टर्नर म्हणूनच राहायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

काशीगावच्या एका मशिनरीच्या दुकानात त्यांनी जुना लेथ हेरून ठेवला होता. रंग उडालेला, चौघांनाही न हलणारा. वडिलांनी त्याच्या बेडवरून, म्हणजे खालच्या लांब लोखंडी पाटावरून, अंगठ्याचं नख फिरवलं, काम पकडणाऱ्या चकजवळ थांबले.

"इथे थोडा खाल्लाय. घासून येईल."

मला ते भंगार वाटलं. त्याच दुकानात छंदासाठी घरी ठेवायचे नवे छोटे लेथही होते. सायबर कॅफेत बसून मी त्यांची माहिती वहीत उतरवली होती: वेग, लांबी, मोटर, वजन. जो सरस त्याला बरोबरची खूण. वजनाच्या रकान्यात मी सगळ्यात हलक्या लेथला खूण केली होती. वडिलांचं बोट तिथेच थांबलं.

"चाळीसच किलो?"

"हो बाबा. आपण दोघंच उचलू."

दुकानदार हसला. "चाचा, लड़का इंजीनियर बन रहा है. अब उसकी सुनो."

वडिलांनी वही मिटून माझ्या हातात दिली. "त्याने बघितलंय ना सगळं. तोच द्या."

आमच्याकडे शिकलेल्या मुलाने कागद पुढे केला की मोठी माणसं गप्प बसतात. रेशनचा फॉर्म असो की डॉक्टरची चिठ्ठी. स्वतःच्या धंद्यातही ते गप्प बसतील, हे मला कळायला हवं होतं.

नव्या लेथवर पितळेची कामं नीट उतरली. मग शेजारच्या युनिटच्या स्टीलच्या पिना आल्या. स्टीलला हत्यार लागलं की ते हलकं मशीन अंगभर थरथरायचं. वडिलांनी ते सिमेंटच्या ओट्यावर बोल्ट मारून बसवलं, प्रत्येक काप कमी खोल घेतला. तरी पिनांवर बारीक लाटा उमटतच राहिल्या.

युनिटच्या मालकाने एक पीन उजेडात धरली. "काका, ये क्या है? आपका काम ऐसा नहीं होता."

मी काही बोलायच्या आत वडील म्हणाले, "हाथ काँपता है अब. उमर हो गयी."

आईच्या सुईत दोरा तेव्हाही तेच ओवत होते, पहिल्याच खेपेला. मी खरं सांगितलं नाही. उलट मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायला नको होतं, पण तसंच झालं.

हळूहळू कामं यायची थांबली. वडील पडवीत जाऊन मशीन पुसून यायचे.

वर्षभराने काशिमीऱ्याच्या बसस्टॉपवर त्यांच्या जुन्या युनिटातले एक काका भेटले. त्यांनी आपुलकीने विचारलं, "बाबांचा हात कसा आहे आता?"

"बरा आहे," मी म्हणालो.

"जप रे त्यांना. हाटकेशला नवीन कारखाना आलाय ना, त्याच्या मालकाला जुना टर्नर पाहिजे होता. पहिलं नाव तुझ्या बाबांचंच निघालं. मीच म्हटलं, राहू दे, हात कापतो त्यांचा, कशाला त्रास द्यायचा. गेल्या महिन्यात दुसरा माणूस लागला."