मामीने उघडी ठेवलेली शिवण

आमच्या मामीच्या घरात इतक्या खुर्च्या येऊन गेल्या की एखादं नाट्यगृह भरलं असतं, पण घरातलं कुणी खुर्चीवर बसून जेवल्याचं मला आठवत नाही. मामाचा सोफे-खुर्च्या मढवण्याचा धंदा. पुढच्या खोलीत कारखाना, मागच्या खोलीत संसार, आणि दोन्हींच्या मधे दार नसलेली चौकट. त्या चौकटीतून काथ्या, फोमचा चुरा आणि खळीचा वास सारखा संसारात येत असे. संसारातलं कारखान्यात काही जात नसे. एक मामी तेवढी जायची.

मामाचा एक नियम होता. लोकांच्या आसनावर आपण बसायचं नाही. तयार बैठकीची परीक्षा तळहाताने करायची, फार तर गुडघ्याने. बसायचा पहिला मान ज्याची वस्तू त्याचा. पोरगा लहान असताना एकदा एका नव्या कोचावर चढून उड्या मारत होता, तेव्हा मामाने आयुष्यात पहिला आणि शेवटचा हात उगारला. पोरं मग फरशीवर वाढली. चांगली वाढली, शिकली, आणि फिरत्या खुर्च्यांच्या नोकऱ्या धरून दोन दिशांना निघून गेली.

मामी हाताची शिवण घालायची. गादीची खोळ मशीनवर तीन बाजूंनी शिवून होते. चौथ्या बाजूने भरण आत जातं आणि ती बाजू हाताने बंद करावी लागते. टाका आतून, दिसता कामा नये. ती चौथी बाजू मामीची. मामाने भरायचं, तिने मिटवायचं, अशी त्यांची वाटणी लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यापासून होती. त्यातून तिला एक खोडच जडली. उसवलेलं काही दिसलं की तिचा हात कॉलरच्या आत जाई. तिथे दोरा गुंडाळलेली सुई कायम टोचलेली असे. डॉक्टरकडे एकदा तिचा नंबर पुकारला तेव्हा ती बाकाची फाटकी गादी मांडीवर घेऊन बसली होती. "थांबा हो जरा, गाठ मारते," असं तिने डॉक्टरला सांगितलं. आम्ही यावर पुष्कळ हसायचो. आता हसू येत नाही.

मुलांनी आईबापांची वाटणी केली ती फोनवर. लेकीचं बाळंतपण जवळ आलेलं, मुलाचं नवं घर बांधून व्हायचं होतं आणि कामगारांवर नजर ठेवायला घरचं माणूस हवं होतं. "आई माझ्याकडे, बाबा दादाकडे. सगळं मस्त बसतंय," लेक म्हणाली. मुलगा म्हणाला, "सहा-आठ महिन्यांचा तर प्रश्न आहे." मामी मला म्हणाली, "जमिनीच्या वाटण्या पाहिल्या, भांड्यांच्या पाहिल्या. कढई तुला, झारा मला. पण झाऱ्याला निदान बोलता येत नाही."

बोलता येत असूनही दोघं काही बोलली नाहीत. पोरांपुढे आपल्या पिढीची जीभ जड होते. तिला एका दिशेचं विमान, त्याला दुसऱ्या दिशेचं, दोन्ही एकाच संध्याकाळी. सुटण्याआधी विमानतळावर जो वेळ मिळेल तो एकत्र काढायचा, एवढंच मामीने मनात धरलं होतं. लग्नापासून ती दोघं एक रात्रही वेगळी राहिली नव्हती. सांगायचं तर पुष्कळ होतं, आणि घरात आवराआवरीत सांगून झालं नव्हतं.

लेकीने आईच्या गुडघ्यांचा विचार करून तिकीट वरच्या वर्गाचं काढलं होतं. त्या तिकिटावर विमान कंपनीच्या लाउंजमधे बसायची सोय होती. मुलाने बापाचं तिकीट साधं काढलं. त्यात त्याचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. पण झडती देऊन आत आल्यावर ही दोघं त्या लाउंजच्या दाराशी पोचली, तेव्हा त्या दोन तिकिटांनी आपलं काम केलं.

दारातली मुलगी फार गोड बोलली. "या मॅडम, तुमचं स्वागत आहे. सर, तुमचं बघू? सॉरी सर, तुमच्या तिकिटावर लाउंज नाहीये."

"माझे मालक आहेत ते," मामी म्हणाली.

"हो मॅडम, पण त्यांची फ्लाइट दुसऱ्या कंपनीची आहे ना."

"फ्लाइट दुसरी असेल. नवरा माझाच आहे."

मुलगी हसली. हसण्याचंही तिला शिक्षण मिळालेलं असणार, कारण हसूनही ती दारातून तसूभर सरकली नाही.

मामा म्हणाला, "जा गं तू. पोरीने हौसेने काढलंय. चहा पी, पाय मोकळे कर. मी हा इथे समोर बसतो."

"मग मीही इथेच बसते."

"या लोखंडी बाकावर? रात्रभर विमानात बसायचंय तुला. गुडघे धरले तर तिकडे बाळंतिणीने तुझं करायचं का? जा म्हणतो ना."

भांडण नको म्हणून ती गेली. चहा घ्यायचा आणि बाहेर यायचं, असं ठरवून गेली.

आत जे होतं ते मामीने मला नंतर फोनवर सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाज दरवेळी त्याच जागी चढायचा. मऊ गालिचा, पावलाचा आवाज गिळणारा. सूप, पाव, कापलेली फळं, कुणी मोजत नाही, कुणी विचारत नाही. अंघोळीची सोय, गरम टॉवेल. ती एका खोल आसनात बसली आणि गुडघ्यांतली कळ खरोखरच उतरली. "खोटं का बोलू? बरं वाटलं रे," ती म्हणाली. "आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचाच संताप आला." कारण तिने मान वर करून पाहिलं तर अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होत्या. उरलेल्यांतल्या कितीतरींवर बॅगा बसल्या होत्या. एका गृहस्थाने एका खुर्चीत स्वतःला, दुसरीत पाय आणि तिसरीत कोट ठेवला होता. त्या खोलीत बॅगेला जागा होती, कोटाला होती. ज्याने आयुष्यभर लोकांच्या बुडाखाली मऊ भरलं, तो समोर पत्र्यावर बसला होता.

आता उठायचं म्हणून तिने कप ठेवला आणि तिला शेजारच्या लांब कोचाची कड दिसली. चौथी बाजू. हातभर उसवलेली, आतला पिवळा फोम जिभेसारखा बाहेर आलेला. मामीच्या जागी दुसरं कुणी असतं तर दुसरीकडे बघत निघून गेलं असतं. मामीचा हात कॉलरमधे गेला. मामाची चिमुकली कात्री झडतीत काढून घेतली होती, पण सुई कुणाला दिसली नव्हती. कोचावर बसून शिवता येईना, म्हणून ती सवयीने खाली गालिच्यावर बसली.

खाली बसल्यावर तिला आणखी काहीतरी दिसलं. लाउंजची भिंत धुरकट काचेची होती, आतलं बाहेर आणि बाहेरचं आत दिसू नये अशी. पण तळाशी वीतभर काच स्वच्छ ठेवली होती. तिथून बाहेरच्या बाकाखालचे बूट दिसत होते. डाव्या टाचेला जास्त झिजलेले, पायाने मशीन चालवणाऱ्या माणसाचे. जवळजवळ ठेवलेले, जागा कमी लागावी असे.

"आलात का मावशी एकदाच्या!" वरून आवाज आला. लाउंजचा मॅनेजर होता. नुकताच कामावर आलेला, कोटाची बटणं लावतोय. "किती दिवस सांगतोय त्या ऑफिसला, माणूस पाठवा, माणूस पाठवा. पण अशी पाहुण्यांच्या मधे बैठक मारायची नाही हं. कडेला, कडेला."

दारात ती मॅडम होती. जमिनीला टेकेपर्यंत मावशी झाली. मला तिचा भाचा म्हणून सांगावंसं वाटतं, की मावशी हा शब्द माझ्या घरात ज्या मायेने उच्चारला जातो, त्यातली चिमूटभरही त्या आवाजात नव्हती. नातं लावून माणसाला खाली बसवायची ही रीत कुणी काढली कोण जाणे.

मामी सांगणारच होती. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात तो म्हणाला, "एकट्याच? एवढा कोच एकटीने व्हायचा नाही. जोडीला कोणी नाही?"

मामीने काचेखालचे बूट पाहिले.

"आहे. बाहेर बसलाय."

"मग बोलवा की! मागच्या दाराने आणा, पॅन्ट्रीतून. पुढून नको."

मामाला आणायला ती स्वतः गेली. "मागच्या दाराने?" मामा म्हणाला. "नको गं. मी आहे तो बरा आहे."

"तुम्हाला यायचंय का नाही माझ्याजवळ?"

मामा उठला. उष्ट्या बश्यांच्या गाडीला अंग चोरत, भांडी विसळणाऱ्यांच्या पाठीमागून तो आत आला. पाहुणा म्हणून ज्याला दारात जागा नव्हती, त्याला कामगार म्हणून कुणी तिकीटही विचारलं नाही.

मामा कोचाजवळ टेकला, बैठकीवर तळहात दाबून पाहिला. "भरण हलकं आहे. बसेल वर्षात." मग शिवण पाहिली. "हे काय, निम्मी झालीच की तुझी. दे इकडे सुई, आत्ता उडवतो."

"उडवायची नाही," मामी कुजबुजली. "संपली की तुम्ही बाहेर."

मामा तिच्याकडे बघत राहिला. ज्या माणसाने आयुष्यात गिऱ्हाइकाला एकदाही उद्या ये म्हटलं नाही, त्याला हे समजायला क्षणभर वेळ लागला. मग त्याने सावकाश, टोकदार नखाने, तिचे घातलेले टाके उसवायला सुरुवात केली.

ती शिवायची, तो उसवायचा. मॅनेजर जवळून गेला की दोघांच्या माना खाली, हात चालू. गेला की बोलणं.

"रक्तदाबाची गोळी सकाळची. रात्रीची नाही."

"माहीत आहे."

"माहीत असतं तर परवा दोन घेतल्या नसत्या. आणि सूनबाई काही म्हणाली तर लगेच उलटून बोलायचं नाही."

"मी कधी बोलतो?"

"बोलत नाही तेच. गप्प बसून तोंड असं करता की समोरच्याला वाटावं शिवी दिली."

"आणि तू तिकडे लेकीच्या घरच्या गाद्या उसवत बसू नकोस. नातवंडाकडे बघ."

"उसवता तुम्ही."

"आज." मामा हसला. मग सुईकडे बघत म्हणाला, "झोप येईल का गं मला?"

मामीने उठून सुपाचा कप भरून आणला आणि त्याच्या हातात दिला. त्याने ओठाला लावायच्या आत मॅनेजर हजर. "मावशी, हे काय? कामाच्या लोकांनी इथलं खायचं नाही. हे पाहुण्यांसाठी आहे. आणि किती वेळ एका शिवणीला?"

"पक्की करतोय," मामा म्हणाला आणि कप खाली ठेवला. "असू दे गं. भूक नाहीच मला."

सकाळपासून पोटात काही नव्हतं त्याच्या. मामीला हे माहीत होतं. ती मला म्हणाली, "तो कप गालिच्यावर निवत होता ना, तो बघत बघत मी ठरवलं."

मामाच्या विमानाची घोषणा झाली. तो उठला, सवयीने बैठकीवर तळहात दाबला. "बोटभरच राहिलीय बघ. मिटवून टाक."

"मी बघते. चला."

तो मागच्या दाराकडे वळला, तर तिने त्याची बाही धरली. त्याला घेऊन ती मधल्या गालिच्यावरून, बॅगांच्या आणि कोटांच्या समोरून चालत पुढच्या दारापर्यंत आली. दारातली मुलगी बघत राहिली. मामा म्हणाला, "पोचलीस की फोन कर." मामी म्हणाली, "गोळी सकाळची." एवढंच. मग ते झिजके बूट गर्दीत गेले.

ती परत येऊन कोचावर बसली. खाली नाही, वर.

"अहो मावशी!" मॅनेजर धावत आला. "उठा, उठा. आणि हे उघडंच आहे अजून! माणूस कुठे गेला तुमचा? संपवून जायचं असतं काम."

मामीने पर्समधून आपला बोर्डिंग पास काढला आणि त्याच्यापुढे धरला. "मी इथली पाहुणी आहे. पाहुण्यांकडून शिवून घेतात का तुमच्याकडे?"

तो पास त्याने दोन वेळा वाचला. "मॅडम... सॉरी मॅडम. मला वाटलं..."

"काय वाटलं?"

त्याने मागच्या दाराकडे पाहिलं.

"आणि ते... सर?"

"सर होय? सर बाहेर होते. तुम्हीच बसवले होते." आणि सुईला दोरा गुंडाळून तिने ती कॉलरमधे टोचली. "तुमचं सूप गार झालंय. उचला ते."

हे सगळं ऐकून मी फोनवर म्हणालो, "शाब्बास मामी! बरी जिरवली." तिला ते फारसं आवडलं नाही.

"कसली जिरवली? विमानात डोळ्याला डोळा लागला नाही रे. ती बोटभर उघडी शिवण सारखी दिसत होती. हात तीनदा कॉलरकडे गेला माझा." मग म्हणाली, "पण बरं झालं नाही घातली."

मामाला झोप येते का, ते मी विचारलं नाही. तो रोज रात्री तिला फोन करतो, आणि गोळी सकाळी घेतली असं सांगतो.