समुद्र वर असलेला नकाशा

माझी धाकटी जाऊ बंदराच्या नियोजन विभागात आहे. घरात तिचं नाव ‘फूटपट्टी’. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात तिने शेगडी खिडकीपासून हातभर सरकवली. वाऱ्याने ज्योत विझते आणि गॅस साचतो, म्हणाली. सासरे म्हणाले, “सून आणलीय की इन्स्पेक्टर?” पण शेगडी तिथेच राहिली.

अलीकडे तिच्या डोक्यात एकच काम होतं. नव्या जहाजांना डिझेल नको, द्रवरूप गॅस हवा. बर्फ त्याच्यापुढे उबदार म्हणावा इतका थंड. तो भरायची सोय बंदरात कुठे करायची, टाकी कुठे, नळ्या कुठून, हे तिने ठरवायचं. भाजी निवडतानाही तेच. “गळला ना ताई, तर त्याची वाफ आधी जमिनीलगत पसरते. ठिणगी सापडेपर्यंत.” म्हणून भरण्याच्या जागेभोवती एक वर्तुळ आखायचं. त्यात कोणी राहायचं नाही.

तिच्या ऑफिसातले नकाशे जहाजवाल्यांच्या सोयीचे. समुद्र वर, गाव खाली, घरांचे नुसते क्रमांक घातलेले चौकोन. तिला त्यात फक्त वारा आणि अंतर बघायचं असे.

जनसुनावणी शाळेच्या हॉलमध्ये होती. सासरे इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले, सुनेचं कौतुक बघायला. मी त्यांच्या शेजारी. लोकांना कळावा म्हणून ऑफिसातल्या कोणीतरी नकाशा फिरवून सरळ केला होता, रस्त्यांची नावं घातली होती. तो तसा तीही पहिल्यांदाच बघत होती. वर्तुळाच्या लाल रेषेवरून काठी फिरवता फिरवता ती थांबली. काठीच्या टोकाशी पिठाची गिरणी होती. गिरणीमागे, रेषेच्या आत, आमचं घर.

तिने आमच्याकडे पाहिलं. घरात कोणी गेल्याचा फोन यावा तसा चेहरा. माझ्या मांडीवरची पिशवी घसरून खाली पडली, तरी मी वाकले नाही.

सासरे उठले. “मॅडम,” म्हणाले. घरात तिला ते कधी नावानेही हाक मारत नसत, नुसतं ‘अगं’. “हे वर्तुळ थोडं अलीकडे घेता येईल का?”

मला वाटलं, बघते म्हणेल. निदान तेवढं तरी म्हणेल.

“नाही,” ती म्हणाली.

“आमच्याकडे काही कारखाना नाही. एक शेगडी पेटते फक्त.”

“म्हणूनच, बाबा.”

मागे कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

“भरण्याची जागा बदलू शकते,” ती म्हणाली. “वर्तुळ लहान होऊ शकत नाही. तुम्ही हरकत घ्या.”

घरी आलो तर शेगडी पेटवायला कोणी धजेना. अजून एकही जहाज आलेलं नव्हतं, एकही नळी टाकलेली नव्हती, तरी लायटर हातात घेऊन मी उभीच राहिले.

“चहा टाक,” सासरे मला म्हणाले. मग तिला, “तुझा तो कागद आण.”

तिने नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला आणि नेहमीच्या खुर्चीत बसली. समुद्र वर. सासरे तिच्या मागे उभं राहून बघत राहिले. त्यांना काही ओळखू येईना. मग ते टेबलाला वळसा घालून समोर जाऊन बसले, चष्मा पुसला, आणि बोट सरळ एका चौकोनावर ठेवलं.

“हे आपलं.”

“हो.”

“रोज याच टेबलावर काम करत होतीस. एकदा या बाजूला बसली असतीस तर?”

तिने मान खाली घातली. “तरी वर्तुळ एवढंच आलं असतं, बाबा.”

सासऱ्यांनी बोट उचललं नाही. म्हणाले, “आता दुसरी जागा कुठे होऊ शकते, ते दाखव. इकडे येऊन बस.”

ती उठली. मी शेगडी पेटवली.