इशिमचेचं तीर्थ

नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हाची गोष्ट. माझा मेहुणा शशी अंबरनाथच्या कारखान्यातर्फे ग्वातेमालाला यंत्रं बसवायला गेला होता. "भाऊजी, इथे डोंगरात माया लोकांची जुनी राजधानी आहे, इशिमचे. याच!" असा त्याचा फोन आला. जन्मभर संस्कृत शिकवलेल्या माणसाला पडके दगड म्हणजे माहेर. निघालो.

अडचण एकच. आमच्या मालतीबाई सोमवारी शंकराचं दर्शन घेतल्याशिवाय तोंडात काही घालत नाहीत. लग्नापासून एकही सोमवार मोडलेला नाही. आणि शशीला सुटी नेमकी सोमवारी.

"तिकडे महादेव कुठून आणू?"

"तुम्ही नका आणू. भेटेल तो."

देशाच्या आजच्या राजधानीतून तेकपान गावापर्यंत रंगीबेरंगी जुनी बस जाते. खिडकी पकडा, दोघांच्या बाकावर तिघं बसतात. स्वेटर घ्याच. तेकपानला शशीने आणि मी काळ्या घेवड्याची उसळ आणि मक्याच्या भाकऱ्या चापल्या. मालती उपाशीपोटी भाकऱ्या थापणारीकडे बघत म्हणाली, "हात बसलाय हो हिचा."

इशिमचे तिथून जवळच. पायऱ्यापायऱ्यांची बुटकी देवळं, हिरवळ, चेंडू खेळायचं दगडी मैदान आणि भोवती पाइनची झाडं. सगळ्यात मागे मात्र धूर दिसला. एक माया आजी अग्नीत साखर, मेणबत्त्या, धूप अर्पण करत होती आणि बाटलीतून काहीतरी शिंपडत होती. होमच की!

मालतीने चपला काढल्या, नमस्कार केला आणि सवयीने उजवा तळवा पुढे धरला. आजी क्षणभर थबकली, हसली आणि तळव्यावर बाटली कलती केली. मालतीने ते प्यायलं, ओला हात केसांवरून फिरवला आणि तिचे डोळे मोठे झाले.

"ताई, अगं दारू आहे ती!"

"मेल्या, आधी सांगायला काय झालं?"

मग ती माझ्याकडे वळली. चेहरा पार उतरलेला. "अहो, खरं सांगा. मोडला का माझा सोमवार?"

सगळे ग्रंथ मनात चाळले. एकही कामाला आला नाही. "देवापुढचं होतं, हात पुढे करून घेतलंस," मी म्हणालो. "याला आपल्याकडे तीर्थच म्हणतात."

तिने अग्नीकडे बराच वेळ पाहिलं, पुन्हा हात जोडले. "मग दर्शनही झालंच." परतताना तेकपानला चार भाकऱ्या खाल्ल्या तिने.

घरी आल्यावर पुढच्या सोमवारी आम्ही अंबरनाथच्या शिवमंदिराच्या पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेलो. गुरवाने तिच्या तळव्यावर तीर्थ घातलं. मालतीने ते आधी हुंगलं.

"काय वहिनी, वास येतो का?"

"छे हो," ती म्हणाली, आणि वर येताना माझ्या कानाशी, "तिकडचं जरा कडक होतं, नाही?"