जास्वंदताईंचा फ्रीज

मी परोपकारी माणूस आहे, असा गेल्या पावसाळ्यापर्यंत माझा ठाम समज होता.

बोईसरच्या एका कारखान्यात मी मेंटेनन्सला आहे. दिवसभर मशिनं दुरुस्त करायची आणि घरी आलं की मोबाइलवर ‘सहज गप्पा’ नावाच्या ग्रुपात जाऊन बसायचं. तिथे नाना प्रश्न यायचे. इडलीचं पीठ फुगत का नाही? चार्जिंगला लावला की मोबाइल गरम का होतो? मी सगळ्यांना मुद्देसूद उत्तरं द्यायचो, वर हात जोडल्याचं चिन्ह. लोक मला ‘सर’ म्हणायचे. (कारखान्यात मला कुणी सर म्हणत नाही.)

त्याच सुमारास केळव्याहून आईचा फोन आला. ती तिथे एकटी असते.

“अरे, फ्रीज थंड होत नाय.”

“रविवारी येतो, आई.”

“कुठल्या?”

“येतो म्हटलं ना,” म्हणत मी फोन ठेवला. ग्रुपात एका बाईंचं दही आंबट झालं होतं, ते जास्त तातडीचं होतं.

तीन रविवार गेले. मग ग्रुपात ‘जास्वंद’ नावाच्या नवीन बाई आल्या. फोटोच्या जागी फूल. त्यांचाही फ्रीज थंड होत नव्हता. (काय योगायोग, एवढंसुद्धा माझ्या मनात आलं नाही.) मी त्यांना दाराच्या रबरात कागद धरून ओढायला सांगितलं, रबर साबणाच्या पाण्याने पुसायला सांगितलं, मागची जाळी साफ करायला सांगितली. “ताई, घाबरू नका, मी आहे,” असंही लिहिलं.

बदल्यात त्यांनी कोलंबीच्या भुजण्याची कृती पाठवली. मी लिहिलं, “वा! आमच्या आईलासुद्धा असं जमत नाही.”

ताईंनी विचारलं, “आई कुठे असते तुमची?”

“गावी. मजेत आहे. तिला काही कमी नाही.”

आठव्या दिवशी फ्रीज गार झाला. ताईंनी फोटो पाठवला. दारावर एका पंखाचं फुलपाखरू चिकटवलेलं होतं. ते माझ्या मुलीने चिकटवलं होतं. दुसरा पंख मी खरवडायला गेलो तेव्हा फाटला होता.

मी तसाच मोटरसायकल काढून केळव्याला गेलो. आई ओटीवर वाल सोलत बसली होती.

“तो मी आहे, हे तुला माहीत होतं?”

“तुझा फोटो नाय का तिथं? शेजारची सून लिवून देते मला. ती पण वळखते तुला.”

“मग बोलली का नाहीस?”

तिने वर पाहिलं नाही. “आई म्हणून इचारलं तर फोन ठेवलास. ताई म्हणून इचारलं तर आठ दिवस बोललास. मग मी ताईच बरी.”

मी आत जाऊन फ्रीजमध्ये हात घालून पाहिला.

“गार होतोय,” मी म्हणालो.

“हो,” आई म्हणाली. “एक सर हायत. चांगला माणूस हाय.”

त्या दिवसापासून मी सुधारलो, असं मी ग्रुपात सगळ्यांना सांगितलं. चाळीस जणांनी अंगठा दिला. कालच तिथे कुणी ‘मोगरा’ आल्या. स्वयंपाकघरातला नळ महिनाभर गळतोय, नवरा बघत नाही, काय करावं? ही आमचीच बायको, हे मी पहिल्या ओळीत ओळखलं.

म्हणून उत्तर दिलं नाही.