मस्कतहून पारोळ्याला, आखाजीसाठी

मस्कतहून विमान सुटलं तेव्हा सकाळ होती. खिशातला पासपोर्ट मी सारखा चाचपत होतो. कफीलनं (तिथला जामीनदार मालक) ठेवून घेतलेला तो पासपोर्ट फोरमननं सोडवून दिला, म्हणून तीन वर्षांनी निघता आलं. त्याचे उपकार मी विसरणार नाही. सातवीत शाळा सोडलेल्या माझ्यासारख्या माणसासाठी कोण एवढं करतं?

मुंबई अडीच तासांवर, हे आमच्या धुळ्याकडच्या गावात सगळ्यांना पाठ होतं. आखाजीला (अक्षय्य तृतीया) लेक माहेरी आणायची तर भावानं मुऱ्हाळी होऊन जायचं. त्याशिवाय सासरचे पाठवत नाहीत. माझी बहीण सुमन पारोळ्याकडे दिलेली, मी परदेशात, म्हणून ती तीन वर्षं अडली होती. यंदा चुलतभाऊ जायला तयार झाला, तर मी विमानानं येतोय म्हणून आईनंच त्याला थांबवलं. "मना पोऱ्या इमानमा ई ऱ्हायना. अडीच तासनी त वाट शे!"

अडीच तासांत मुंबई आली खरी. मग कस्टमची रांग. सुमनसाठी घेतलेला टेपरेकॉर्डर टेबलावर अडकून पडला, बॅग दोनदा उपसली गेली. बाहेर पडलो तोवर ठरवलेली गाडी निघून गेली होती. मिळाली त्या पॅसेंजरनं दाराशी बसून चाळीसगावला उतरलो, तेव्हा आखाजीचाच दिवस उजाडला होता.

पारोळ्याच्या एसटीत उभं राहायला जागा नव्हती.

"मुऱ्हाळी शे का भाऊ?" कंडक्टरनं विचारलं.

"हां. बहीणले लेवाले जाई ऱ्हायनू."

"आज?" तो हसला. "लोकेस्न्या बहिणी माहेरना झोकावर बसन्यात, आन तू आते निंघना!"

दुपारी पोचलो. सुमनचे सासरे ओट्यावर सुपारी कातरत होते.

"कितलं लांब शे रे तुन्हं मस्कत?"

"अडीच तास, आबा."

"मंग तीन साल कोठे व्हता?"

मी बॅग खाली ठेवली. ते म्हणाले, "सण सरी गया. आते पुढली आखाजीले ये."

सुमननं आमरस आणि खापरावरची पुरणपोळी वाढली. "जेव भाऊ, थकी गया व्हशी." दाराशी तिची भरलेली पिशवी होती. मी जेवत होतो आणि ती पिशवीतलं एकेक लुगडं काढून फळीवर परत ठेवत होती.

संध्याकाळी घरी गेलो. आईनं आधी माझ्या मागं पाहिलं. मग विचारलं, "एकलाच?"

महिन्यानं परत निघालो. ते विमान वेळेच्या आधी उतरलं, बॅग कुणी उघडली नाही, दारात कंपनीची गाडी उभी होती. त्याच दुपारी मी कामावर हजर झालो. फोरमन खूश झाला. मालकाच्या कामापर्यंतची वाट इतकी सरळ असते, हे मला त्या दिवशी कळलं.